घरच्या लॅपटॉपवर, एकट्याने: पहिला गेम पूर्ण करून विकायला ठेवेपर्यंत

स्वतः शिकून गेम बनवायला निघालेल्यांचं घोडं बहुतेक वेळा एकाच जागी अडतं. हार्ड डिस्कवर दहा अर्धवट प्रोजेक्ट असतात आणि पूर्ण झालेला एकही नसतो. कोडिंग जमत नाही म्हणून असं होतं हा समज चुकीचा आहे. तेवढं कोडिंग तीन-चार महिन्यांत कोणालाही येतं. पहिलाच गेम 'ओपन वर्ल्ड, मल्टिप्लेअर, शिवकालीन' असा धरला जातो, आणि तिथेच सगळं फसतं. पुढे सांगितलेला रस्ता एका माणसाच्या आवाक्यातला आहे: टूडी, छोटा, आधी फुकट आणि मग स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, विकत.

इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) कोणतं यावर महिनाभर काथ्याकूट करू नका. एकट्याने टूडी गेम करायचा असेल तर गोडो घ्या. ते एमआयटी लायसन्सखाली पूर्ण मोफत आहे आणि कमाईतला वाटा मागत नाही. झिप उघडली की चालतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. डाउनलोड पानावर दोन आवृत्त्या दिसतील, त्यातली डॉटनेट नसलेली साधी आवृत्ती घ्या. ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप टूडीला पुरतो. फक्त नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (चित्र स्क्रीनवर रंगवणारा भाग) 'कम्पॅटिबिलिटी' निवडा. 'फॉरवर्ड प्लस'ला व्हल्कन किंवा डायरेक्टएक्स १२ सारखं नवं ग्राफिक्स तंत्र लागतं, ते जुन्या लॅपटॉपवर नसतं किंवा अर्धवट चालतं. शिवाय ब्राउझरमध्ये चालणारा गेम कम्पॅटिबिलिटीतूनच निघतो, आणि तो तुम्हाला लवकरच लागणार आहे.

युनिटी हे दुसरं इंजिन शिकायचं खरं कारण नोकरी. मोबाइल गेम बनवणाऱ्या कंपन्यांत सी शार्प ही कोडिंगची भाषा आणि युनिटी येणाऱ्यांना मागणी असते. पण लायसन्स वाचून घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे आकारायची घोषणा केली आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती मागे घेतली. मधल्या काळात कितीतरी जणांनी अर्धा झालेला गेम दुसऱ्या इंजिनात हलवला. अनरियल हे तिसरं इंजिन दहा लाख डॉलर कमाईपर्यंत फुकट आहे, त्यापुढे ५ टक्के रॉयल्टी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला 'राजी' अनरियलमध्येच बनला, पण तो एका टीमचा थ्रीडी गेम आहे. एकट्याने पहिल्या वर्षी तिकडे वळू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

पहिले तीन गेम विकायचे नाहीत

गोडोच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये 'पहिला टूडी गेम' नावाचा धडा आहे. तो एकदा जसाच्या तसा करा. मग धडा बंद करा आणि तोच गेम रिकाम्या प्रोजेक्टमधून पुन्हा बांधा. अडलात तर डॉक्युमेंटेशनमध्ये तेवढाच शब्द शोधा, व्हिडिओ लावू नका. व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि तो बंद झाला की पाटी कोरी. दुसऱ्यांदा बांधताना जिथे अडता, तिथेच खरं शिक्षण होतं.

त्यानंतर पाँग (बॅटने चेंडू टोलवायचा जुना गेम), मग विटा फोडायचा ब्रेकआउट, मग एका स्क्रीनचा उड्या मारायचा गेम. प्रत्येकाला सुरुवातीचा मेनू, पॉज, आवाज, स्कोअर, 'गेम ओव्हर' आणि 'पुन्हा खेळा' हे सगळं हवंच. या कंटाळवाण्या भागांतच खरा वेळ जातो आणि ट्यूटोरियलवाले नेमके तेच गाळतात. 'पुन्हा खेळा' दाबल्यावर स्कोअर शून्य होत नाही, पॉज केल्यावर मेनूचं बटणही गोठतं, असले घोळ इथे निस्तरायला शिकलात की पुढे मोठ्या गेममध्ये डोक्याला ताप होत नाही. (पॉजचा उपाय: मेनूच्या नोडचा (गोडोतल्या त्या घटकाचा) 'प्रोसेस मोड' बदलून 'ऑलवेज' करा.)

पाँगमध्ये चेंडूचा वेग वाढवत नेला की तो एका क्षणी बॅटमधून आरपार जातो. फिजिक्स सेकंदाला ६० वेळा चालतं. वेग १२०० पिक्सेल असेल तर चेंडू प्रत्येक खेपेस २० पिक्सेल पुढे सरकतो, आणि बॅट १२ पिक्सेल जाडीची असेल तर तो एका खेपेस तिच्या अलीकडे आणि पुढच्या खेपेस पलीकडे असतो. मधे तो कधी नव्हताच, मग टक्कर कुठून लागणार? हाताने पोझिशन बदलू नका, गोडोचं 'मूव्ह अँड कोलाइड' हे फंक्शन वापरा. ते मधला सगळा मार्ग तपासतं. ब्रेकआउटमध्ये चेंडू दोन भिंतींमध्ये जवळजवळ आडवा फिरत राहतो आणि खाली येतच नाही. त्यासाठी कोन आडव्या रेषेपासून निदान १५ अंश ठेवा, आणि बॅटच्या कोणत्या भागाला चेंडू लागला यावरून उसळीची दिशा ठरवा.

उडी

तिसऱ्या गेमात उडीवर आठवडा घालवा. खेळणारा मिनिटाला तीस वेळा हे बटण दाबणार आहे. ती नीट वाटत नसेल तर चित्रं कितीही सुंदर असोत, गेम बंद केला जातो.

गोडोच्या तयार टेम्प्लेटमध्ये चालण्याचा वेग ३०० आणि उडीचा वेग उणे ४०० असतो. (वरची दिशा उणे, कारण स्क्रीनवर वाय खाली वाढतो.) हे आकडे मोठ्या स्क्रीनसाठी आहेत. तुमची स्क्रीन ३२० बाय १८० पिक्सेलची असेल तर हिरो सेकंदाभरात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेल आणि अर्ध्या स्क्रीनइतका वर उडेल. इथे बरेच जण अंदाजाने आकडे बदलत बसतात. त्यापेक्षा उलटं करा: उडी किती उंच हवी आणि शिखरावर पोचायला किती वेळ लागावा, हे आधी ठरवा.

टाइल (नकाशा ज्यातून बनतो तो चौकोनी तुकडा) १६ पिक्सेलची आहे आणि तीन टाइलवर चढता यावं, म्हणजे ४८ पिक्सेल. नेमके ४८ धरू नका. कोडमध्ये गुरुत्वाकर्षण आधी लावता की नंतर, यावर दोनेक पिक्सेल इकडे-तिकडे होतात आणि हिरो कडेला पाय टेकता टेकता घसरतो. ५२ धरा. शिखरावर जायला ०.४ सेकंद. सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ: १०४ भागिले ०.४, २६०. गुरुत्वाकर्षण म्हणजे तोच वेग पुन्हा वेळेने भागून: ६५०. गोडोत आधीपासून ठेवलेलं गुरुत्वाकर्षण ९८० आहे. ते तसंच राहिलं तर २६० च्या वेगाने उडी ३४ पिक्सेलांवर, म्हणजे जेमतेम दोन टाइलवर, संपेल आणि तुम्ही नकाशाला दोष द्याल. चालण्याचा वेग सेकंदाला सहा टाइल, सुमारे ९६.

एवढं करूनही उडी दगडासारखी जड किंवा फुग्यासारखी हलकी वाटेल. मग हे चार बदल करा. खाली येताना गुरुत्वाकर्षण सुमारे १.४ पट, म्हणजे ९१०. बटण लवकर सोडलं तर वर जाण्याचा उरलेला वेग निम्मा, म्हणजे छोटी उडीही मारता येते. कडेवरून पाय सुटल्यावर ०.१ सेकंदापर्यंत उडी मान्य. जमिनीला टेकण्याआधी ०.१ सेकंद बटण दाबलं असेल तरीही टेकताक्षणी उडी. शेवटचे दोन खेळणाऱ्याला कधी दिसत नाहीत, पण ते नसले की 'मी दाबलं होतं, उडालाच नाही' ही तक्रार हमखास येते. खाली पडण्याच्या वेगालाही ४०० ची मर्यादा घाला.

एक चूक इथे सगळेच करतात. 'मूव्ह अँड स्लाइड' हे फंक्शन डेल्टा (मागच्या खेपेपासून गेलेला वेळ) स्वतःच हिशेबात घेतं. वेगाला पुन्हा डेल्टाने गुणलंत तर हिरो मुंगीच्या चालीने सरकतो. गुरुत्वाकर्षण वेगात मिळवताना मात्र डेल्टाने गुणायलाच हवं.

हिरोचं चित्र १६ पिक्सेल रुंद असेल तर टकरीचा आकार १० ठेवा. काटे, गोळ्या, शत्रू यांचे आकारही चित्रापेक्षा लहान ठेवा. चुकून वाचलो असं वाटलं तर कोणी तक्रार करत नाही.

चित्रं आणि आवाज

पिक्सेल आर्टसाठी ३२० बाय १८० घ्यायचं कारण साधं आहे: चौपट केलं की १२८० बाय ७२०, सहापट केलं की १९२० बाय १०८०, आणि दोन्ही पूर्ण पटी. अजूनही पुष्कळ लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चे आहेत. तिथे पूर्ण पट बसत नाही, म्हणून स्केल मोड 'इंटिजर' करा आणि कडेला काळी पट्टी येऊ द्या. नाहीतर काही पिक्सेल जाड आणि काही बारीक दिसतात. टेक्स्चर फिल्टर 'निअरेस्ट'. हे केलं नाही तर सगळं धुरकट दिसेल.

चित्रकला येत नसेल तर केनी या गेमच्या फुकट चित्रांच्या साइटवरचे संच वापरा. ते सीसी झीरो आहेत, म्हणजे हक्क सोडून दिलेले, विक्रीच्या गेममध्येही चालतात. इतर कुठून घेतलंत तर लायसन्स बघा: सीसी बाय असेल तर करणाऱ्याचं नाव द्यावं लागतं, एनसी (व्यावसायिक वापराला मनाई) असेल तर विकायच्या गेममध्ये घालताच येत नाही. पहिल्या दिवसापासून एका फाइलीत कोणतं चित्र कुठून, कोणत्या लायसन्सखाली घेतलं ते लिहीत जा. गेम येण्याच्या आदल्या आठवड्यात हे आठवणं अशक्य असतं. सिनेमातल्या गाण्याची 'फक्त धून' वापरणंही हक्कभंगच आहे. एआयने केलेली चित्रं किंवा आवाज घातले असतील तर स्टीमवर तसं जाहीर करावं लागतं.

आवाजासाठी ऑडॅसिटी हे ध्वनी-संपादनाचं सॉफ्टवेअर आणि मोबाइलचा माइक पुरतो. छोटे आवाज डब्ल्यूएव्ही, संगीत ओजीजी. पावलांचा एकच आवाज सारखा वाजला की कान किटतात, म्हणून दर वेळी पिच ०.९ ते १.१ दरम्यान बदला.

गेममध्ये मराठी

हे आपल्या लोकांना लागतं आणि याबद्दल लिहिलेलं फार कमी सापडतं. गोडो ३ मध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटायची. गोडो ४ मध्ये ती बरोबर येतात. युनिटीच्या टेक्स्ट मेश प्रोमध्ये (मजकूर दाखवणाऱ्या भागात) अजून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाण्याचा आणि रफार सुटण्याचा त्रास आहे. मराठी मजकूर जास्त असणार असेल तर इंजिन निवडताना हे लक्षात घ्या.

'मुक्त' किंवा 'बलू' नावाचा फॉन्ट घ्या. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे आहेत आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली गेममध्ये घालता येतात. आठ पिक्सेलचा देवनागरी पिक्सेल फॉन्ट करायच्या भानगडीत पडू नका. शिरोरेषेच्या वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, एवढं सगळं आठ पिक्सेलांत मावत नाही. स्ट्रेच मोड 'व्ह्यूपोर्ट' ठेवला तर अक्षरंही ३२० बाय १८० मध्येच रंगवली जातात आणि वाचवत नाहीत. मोड 'कॅनव्हास आयटम्स' केला की चित्रं पिक्सेलचीच राहतात आणि अक्षरं पूर्ण रिझोल्यूशनमध्ये येतात. बटणांची उंची इंग्रजीपेक्षा थोडी जास्त ठेवा, नाहीतर 'पूर्ण' मधला उकार खालून कापला जातो.

संवाद एकेक अक्षर टाइप होत येतो, त्यात खरी गंमत आहे. 'किल्ला' हा शब्द आतमध्ये क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना असा साठवलेला असतो. एकेक भाग दाखवत गेलात तर स्क्रीनवर क्रमाने 'क', 'कि', 'किल', 'किल्', 'किल्ल', 'किल्ला' असं येतं. पाय मोडलेला ल क्षणभर दिसून नाहीसा होतो आणि सगळी ओळ थरथरते. लेबलच्या 'व्हिजिबल कॅरॅक्टर्स बिहेवियर' या सेटिंगमध्ये 'आफ्टर शेपिंग' निवडा. मग आधी जोडाक्षरं बनतात आणि नंतर ती उघड होतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा, शिरोरेषा तुटते.

मजकूर कोडमध्ये लिहू नका. पहिल्या दिवसापासून सीएसव्ही (तक्त्याची साधी) फाइल ठेवा: एक रकाना 'की', म्हणजे त्या वाक्याचं ओळखनाव, एक मराठी, एक इंग्रजी. पुढे हिंदी वाढवायची झाली तर एक रकाना वाढतो आणि कोडला हात लागत नाही.

जे घरी चालतं आणि दुसरीकडे मोडतं

एक्स्पोर्ट (इतरांना चालवता येईल असा गेम बाहेर काढणं) शेवटी करायचं म्हणून ठेवू नका. पहिल्याच आठवड्यात करून दुसऱ्याच्या मशीनवर चालवा. विंडोजला 'हिरो' नावाच्या फाइलीतलं पहिलं अक्षर कॅपिटल आहे की स्मॉल याने फरक पडत नाही. एक्स्पोर्ट झालेल्या गेमला आणि अँड्रॉइडला पडतो. घरी चित्र दिसतं, बाहेर गायब. सगळी नावं स्मॉल अक्षरांत, मधे अंडरस्कोर, हा नियम लावून घ्या.

सेव्ह फाइल प्रोजेक्टच्या 'रेस' फोल्डरमध्ये लिहिलीत तर एडिटरमध्ये चालेल, पण एक्स्पोर्ट झाल्यावर तो फोल्डर फक्त वाचता येतो. 'यूझर' पाथ वापरा. जेसन या प्रकारच्या फाइलीत साठवलेला पूर्णांक परत वाचताना दशांश होऊन येतो, तेव्हा लेव्हलचा क्रमांक पुन्हा पूर्णांकात बदलून घ्या. सेव्ह फाइलीत आवृत्तीचा आकडाही ठेवा, कारण पहिल्या अपडेटनंतर जुने सेव्ह मोडले तर लोक माफ करत नाहीत.

गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) रोज वापरा. काही चाललं की कमिट, म्हणजे त्या क्षणाची नोंद. 'डॉट गोडो' फोल्डर गिटइग्नोरमध्ये टाका, तो आपोआप पुन्हा बनतो. हे सगळं ऑनलाइन ठेवायच्या गिटहबवर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, म्हणून कच्चे ऑडिओ आणि व्हिडिओ बाहेर ठेवा. गेम अर्ध्यावर असताना इंजिनची मोठी आवृत्ती बदलू नका.

अनोळखी लोकांच्या हातात

तीन सराव गेम झाले की एखाद्या गेम जॅममध्ये (ठरलेल्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात) भाग घ्या. लुडम डेअर आणि जीएमटीके हे नावाजलेले. दोन-चार दिवसांत गेम पूर्ण करायचाच असतो, त्यामुळे काय गाळायचं ते आपोआप कळतं. पहिल्या अर्ध्या वेळात खेळता येईल असं काहीतरी हातात नसेल तर कल्पना कापा. गेम वेबसाठी एक्स्पोर्ट करून इच या छोट्या गेमच्या साइटवर ठेवा: मुख्य फाइलचं नाव 'इंडेक्स' असायला हवं आणि झिपमध्ये ती सगळ्यांत वर हवी. ब्राउझरमध्ये चालणारा गेम लोक उघडतात, अनोळखी माणसाची ईएक्सई फाइल सहसा उघडत नाहीत.

कोणाला समोर बसवून खेळायला दिलंत तर तोंड बंद ठेवा. 'तिथे उजवीकडे जा' म्हणालात की चाचणी संपली. कुठे थांबले, कोणतं बटण आधी दाबलं, कितव्यांदा मेल्यावर मोबाइल हातात घेतला, एवढंच लिहा. पाचपैकी तिघं एकाच जागी अडले तर ती चूक तुमची. 'कसा वाटला?' विचारू नका. मित्र 'भारी' म्हणणारच.

स्टीमवर

विकायचा पहिला गेम दोन-तीन तासांत संपणारा आणि सहा ते नऊ महिन्यांत होणारा असावा. नोकरी सोडून करू नका. रोजचे दीड-दोन तास आणि रविवार, एवढ्यात तो बसतो.

स्टीमवर प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात. गेमने १,००० डॉलरची विक्री केली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून पहिला गेम ३० दिवस प्रकाशित करता येत नाही, आणि 'लवकरच येत आहे' हे पान किमान दोन आठवडे लोकांसमोर असावं लागतं. दोन आठवड्यांवर मात्र समाधान मानू नका. पान जितकं आधी लागेल तितकं चांगलं, कारण विशलिस्ट (गेम हवा म्हणून खूण करणाऱ्यांची यादी) तिथेच जमते आणि गेम आला की त्या सगळ्यांना स्टीमकडून ईमेल जातो. निदान पाच स्क्रीनशॉट लागतात. पाचही खेळतानाचे असू देत, मेनूचे नकोत. यादीत गेमचं चित्र अगदी लहान दिसतं. ते बोटभर आकाराचं करून बघा, नाव वाचता येत नसेल तर पुन्हा करा. हे एक काम पैसे देऊन चांगल्या चित्रकाराकडून करून घेतलंत तरी वाया जात नाही.

स्टीम नेक्स्ट फेस्ट (येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा महोत्सव) वर्षातून तीनदा होतो आणि एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. त्यामुळे डेमो कच्चा असताना घाई करू नका. गेम येण्याच्या लगेच आधीचा फेस्ट निवडा, त्याआधी डेमो इचवर तपासून घ्या.

पैशांचा हिशेब आधीच कागदावर मांडा. पाच डॉलरच्या हजार प्रती म्हणजे पाच हजार नव्हेत. भारतासारख्या देशांत किंमत कमी असते, सवलती असतात, कर आधीच वजा होतात. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परतावा मिळतो. उरलेल्यातून स्टीम ३० टक्के घेतं. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला करही कापला जातो. नोंदणी करताना डब्ल्यू-८बेन या अमेरिकी कराच्या फॉर्ममध्ये पॅन देऊन भारत-अमेरिका कर-करार लागू केला तर तो ३० ऐवजी १५ टक्के लागतो. तिथलं नाव, पॅनवरचं नाव आणि बँक खात्याचं नाव एकच हवं, स्पेलिंगसकट. खात्यात परकीय चलन येणार हे बँकेला आधी सांगा, आणि कापलेल्या कराची वजावट व जीएसटी यासाठी एकदा सीएकडे जा.

मोबाइलवर आणायचा असेल तर गुगल प्लेची नोंदणी २५ डॉलर, एकदाच. नव्या वैयक्तिक खात्याला निवडक १२ जणांपुरती सलग १४ दिवसांची चाचणी (क्लोज्ड टेस्ट) पूर्ण करावी लागते, म्हणून ते बारा जण आधीच गोळा करा. साइनिंगची की (अ‍ॅप तुमचंच आहे हे सिद्ध करणारी फाइल) आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी ठेवा. माउस-कीबोर्डवर घडवलेली उडी अंगठ्याने तशीच चालेल असं धरू नका. टचसाठी ती ०.१ सेकंदाची सूट ०.१५ करा आणि बटणं दिसतात त्यापेक्षा मोठ्या भागात दाबता येऊ द्या.

गेम मंगळवारी किंवा बुधवारी काढा आणि पुढचे तीन दिवस मोकळे ठेवा. शुक्रवारी काढला तर तुमचा शनिवार-रविवार बग शोधण्यातच जाईल. पहिल्या दिवशी येणाऱ्या तक्रारींपैकी गेम बंद पडणं आणि सेव्ह उडणं तेवढं त्याच रात्री दुरुस्त करा, बाकी सगळं आठवड्याभराने. दहा रिव्ह्यू होईपर्यंत स्टीम पानावर एकत्रित शेरा दाखवत नाही. तोवर ज्यांनी बग कळवला आणि तुम्ही तो दुरुस्त केलात, त्यांना उत्तर देताना प्रामाणिक रिव्ह्यू लिहायला सांगा. घरच्यांना आणि मित्रांना खोटे रिव्ह्यू टाकायला मात्र लावू नका, स्टीमच्या नियमांत ते बसत नाही.